काचेच्या भिंतीमागची फट कोण तपासणार? नवी मुंबईच्या नियोजन आणि अग्निशमन अधिकाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
मा. आयुक्त, नवी मुंबई महानगरपालिका,
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी, महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ,
तसेच दोन्ही संस्थांचे नियोजन आणि अग्निशमन विभाग

विषय : काचेचे दर्शनी आवरण असलेल्या उंच इमारतींची परवानगी, भोगवटा आणि नंतरची तपासणी

महोदय,

ऐरोलीहून ठाणे-बेलापूर रस्त्याने दक्षिणेकडे निघाले की रबाळे, घणसोली, महापे, तुर्भे अशा क्रमाने डाव्या हाताला औद्योगिक पट्टा लागतो. एके काळी रासायनिक कारखान्यांच्या शेड असलेल्या भूखंडांवर आता पायापासून माथ्यापर्यंत काचेने मढवलेल्या कार्यालयांच्या इमारती उभ्या आहेत. वाशी आणि बेलापूरच्या व्यापारी सेक्टरांतही हेच दिसते. मी बांधकाम अभियंता आहे. अशा दर्शनी आवरणांचे आराखडे तपासणे आणि ती कामाच्या जागी बसवली जात असताना पाहणे, यात माझ्या नोकरीचा बराच काळ गेला. त्या अनुभवावरून एका गोष्टीकडे आपले लक्ष वेधण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. या भिंतींची सुरक्षितता बाहेरून दिसणाऱ्या काचेपेक्षा तिच्या मागे झाकल्या जाणाऱ्या जोडांवर, ब्रॅकेटांवर आणि फटींवर जास्त अवलंबून असते. आणि नेमका तोच भाग झाकला जाण्यापूर्वी शासकीय यंत्रणेतील कोणी पाहतो, अशी खात्री आजच्या पद्धतीत मिळत नाही.

काचेच्या इमारती नकोत, असे माझे म्हणणे नाही. नीट आखलेली आणि नीट बसवलेली कर्टन वॉल, म्हणजे इमारतीवर बाहेरून टांगलेली काचेची भिंत, हे चांगले तंत्र आहे. मात्र परवानगीच्या कागदपत्रांत तिचा उल्लेख बहुधा 'एलेव्हेशन ट्रीटमेंट' एवढ्यावर उरकतो. रंग, टाइल किंवा दगडी आवरण यांच्याच रांगेत ती बसवली जाते, आणि गोंधळाची सुरुवात तिथूनच होते.

ही भिंत इमारतीचे वजन पेलत नाही, हे आपल्या अभियंत्यांना ठाऊकच आहे. वजन खांब आणि स्लॅब पेलतात. काच आणि तिची ॲल्युमिनियमची चौकट प्रत्येक मजल्याच्या स्लॅबच्या कडेला ब्रॅकेट लावून टांगलेली असते. ती स्वतःचे वजन आणि तिच्यावर येणारा वाऱ्याचा जोर या ब्रॅकेटांमधून स्लॅबकडे देते. चौकटीचे उभे मलियन आणि आडवे ट्रान्सम जागेवर एकेक जोडत नेले तर ती स्टिक पद्धत, आणि एक मजला उंचीची काचेसह पूर्ण तयार चौकट कारखान्यातून आणून क्रेनने एकमेकींत अडकवत नेली तर ती युनिटाइज्ड पद्धत. आपल्याकडच्या मोठ्या आयटी पार्कांत दुसरी पद्धत रूढ होत गेली, कारण तिला परांची लागत नाही आणि काम लवकर होते. पद्धत कोणतीही असली तरी काच आणि स्लॅबची कड यांच्यामध्ये ब्रॅकेटसाठी जागा सोडावीच लागते. काँक्रीटची कड कधी तंतोतंत ओळंब्यात येत नाही. ती चूक पोटात घेण्यासाठीही ही जागा हवी असते. बोटभर रुंदीपासून वीतभर रुंदीपर्यंतची ही फट इमारतीच्या संपूर्ण घेरात, प्रत्येक मजल्यावर असते.

या फटीविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण पत्राचा मुख्य मुद्दा तीच आहे. ती मोकळी राहिली तर तळमजल्यापासून गच्चीपर्यंत काचेच्या मागे एक सलग धुराडे तयार होते. चौथ्या मजल्यावरच्या एखाद्या यूपीएस खोलीत आग लागली, तर ज्वाळा पोहोचण्याच्या कितीतरी आधी धूर या वाटेने पाचव्या, सहाव्या, सातव्या मजल्यावर जातो, आणि बंद काचेच्या वातानुकूलित मजल्यावर त्याला बाहेर पडायला वाट नसते. म्हणून ही फट दाबून बसवलेल्या खनिज लोकरीने, म्हणजे साइटवरच्या भाषेत रॉकवूलने, भरायची असते. लोकर खाली सरकू नये म्हणून तिला धातूचा आधार द्यायचा आणि वरून धूर अडवणारे, हालचालीबरोबर ताणले जाणारे फायर सीलंट मारायचे. काम अवघड नाही, आणि इमारतीच्या एकूण खर्चाच्या तुलनेत त्याची किंमत किरकोळ असते. पण ते फसाडवाल्याचे, म्हणजे दर्शनी आवरण बसवणाऱ्याचे, की सिव्हिल ठेकेदाराचे की फायरवाल्याचे, यावर तिघांत एकमत होत नाही, आणि वरून फॉल्स सीलिंग, खालून उंचावलेली फरशी बसली की प्रश्नच दिसेनासा होतो. औद्योगिक पट्ट्यातल्या एका इमारतीत मी छताची एक टाइल सरकवून स्लॅबच्या कडेला विजेरी धरली, तेव्हा काही ठिकाणी सिमेंटच्या रिकाम्या गोण्या आणि थर्माकोलचे तुकडे कोंबलेले होते, काही ठिकाणी रॉकवूल सैल होऊन ब्रॅकेटवर लोंबत होते, आणि एका खाचेतून वरच्या मजल्यावरच्या दिव्याचा उजेड सरळ खाली येत होता. त्या इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र मिळालेले होते. इमारतीचे नाव देत नाही; तिथे जे पाहिले तशा प्रकारचे काम इतरत्रही पाहिले आहे.

नियम नाही, असे मात्र नाही. राष्ट्रीय इमारत संहिता २०१६ च्या चौथ्या भागात काचेच्या दर्शनी भिंतींसाठी स्वतंत्र तरतुदी आहेत. स्लॅब आणि दर्शनी आवरण यांच्यामधली प्रत्येक मजल्यावरची फट स्लॅबइतकीच अग्निरोधक क्षमता असलेल्या मान्यताप्राप्त साहित्याने बंद करावी, असे तिथे स्पष्ट म्हटले आहे. संपूर्ण स्प्रिंकलर असलेल्या आणि आजूबाजूला ९ मीटर किंवा अधिक मोकळे अंतर असलेल्या इमारतींत टफन, म्हणजे तापवून झटकन थंड करून मजबूत केलेली, काच न जळणाऱ्या चौकटीत वापरता येते. मात्र स्प्रिंकलर काचेपासून ६०० मिलिमीटरच्या आत असले पाहिजेत आणि त्यांचे पाणी संपूर्ण काचेवर पडले पाहिजे. ही अट का आहे, हे आकड्यांतून समजते. ॲल्युमिनियम सुमारे ६६० अंश सेल्सिअसला वितळते, आणि पेट घेतलेल्या कार्यालयाचे तापमान त्याच्या वर सहज जाते. स्प्रिंकलरच्या पाण्याने काच आणि चौकट थंड राहिली नाही, तर चौकट ढासळते, काचा निखळतात आणि ज्वाळा बाहेरून वळसा घेऊन वरच्या मजल्यात शिरतात. अशा वेळी फटीत भरलेले रॉकवूलही फार काळ टिकत नाही, कारण ज्या चौकटीला टेकून ते बसवलेले असते तीच जागेवर राहत नाही. म्हणून ब्रॅकेट, रॉकवूल, स्पँड्रेलच्या (म्हणजे स्लॅबची कड झाकणाऱ्या, आरपार न दिसणाऱ्या पट्ट्याच्या) मागचे आवरण आणि स्प्रिंकलर हे चार वेगवेगळ्या ठेकेदारांचे काम असले तरी तपासणाऱ्याने ते एकत्र पाहायला हवे.

याच संहितेत आणखी एक तरतूद आहे, जी आपल्या शहरात जवळजवळ विस्मरणात गेली आहे. काचेच्या भिंतीत प्रत्येक मजल्यावर बाहेरच्या भिंतीच्या लांबीत १० मीटरपेक्षा जास्त अंतर पडू न देता उघडता येणारे पॅनेल ठेवायचे आहेत. ते किमान एक मीटर लांब-रुंद असावे, बाहेरच्या बाजूला उघडावे, त्या मजल्याच्या फरशीपासून १.२ ते १.५ मीटर उंचीवर हाताने चालवता यावे आणि आतल्या बाजूने किमान २५ मिलिमीटर उंचीच्या अक्षरांत त्यावर सूचना लिहिलेली असावी. ही पॅनेल केबिनपुरती न ठेवता मार्गिकांत आणि सामाईक जागेतही असावीत, असे संहिता सांगते. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी ही पॅनेल आराखड्यात असतात. नंतर भाडेकरू कंपनीचा अंतर्गत सजावटकार त्यांच्यासमोर जिप्समची भिंत उभी करतो किंवा सर्व्हर रॅक लावतो. उघडण्याची मूठ खिडकीतून कोणी पडू नये या कारणाने काढून ठेवलेली मी पाहिली आहे. सूचना इंग्रजीत असतेच. सुरक्षारक्षक, हाउसकीपिंगचे कर्मचारी आणि कॅन्टीनमधली माणसे यांच्यासाठी ती मराठीतही असावी, अशी अट आपल्याला घालता येईल. आग लागली तेव्हा मजल्यावर कोण असेल, ते आधी सांगता येत नाही.

बंगळुरूच्या कार्लटन टॉवर्समध्ये फेब्रुवारी २०१० मध्ये आग लागली, तेव्हा नऊ माणसे गेली. त्यांतली काही धुराने गुदमरली, काहींनी जीव वाचवण्यासाठी वरच्या मजल्यांवरून उड्या टाकल्या. जुलै २०१४ मध्ये अंधेरी पश्चिमेच्या लोटस बिझनेस पार्क या काचेच्या उंच इमारतीच्या वरच्या मजल्यांना आग लागली आणि ती विझवण्यासाठी गेलेल्या मुंबई अग्निशमन दलाच्या एका जवानाचा मृत्यू झाला. त्यानंतर काचेच्या इमारतींवर बरीच चर्चा झाली. चर्चेचा रोख 'काच फोडायला अवघड असते' एवढ्यावरच राहिला, हे मात्र मला पटत नाही. शिडीवरून काच फोडणे अग्निशमन दलाला जमते. शिडी जिथपर्यंत पोहोचत नाही तिथे धूर आतूनच बाहेर सोडावा लागतो, आणि त्यासाठी आतून उघडणारे पॅनेल आणि बंद केलेली फट या दोन्हींची गरज असते.

जाता जाता एसीपीविषयी. काचेच्या पट्ट्यांच्या मधे लावलेले ॲल्युमिनियम कॉम्पोझिट पॅनेल बाहेरून काचेच्या भिंतीचाच भाग वाटते. पण त्याच्या गाभ्यात साधे पॉलिथिलीन असेल तर ते जळते. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरमध्ये जून २०१७ च्या आगीत ७२ जणांचा बळी गेला, त्यात अशाच आवरणाचा मोठा वाटा होता. गाभा कोणता आहे हे पत्र्याकडे पाहून कळत नाही, नमुना कापून पाहावा लागतो. तो नमुना भोगवट्याच्या फाइलमध्ये असावा.

आता वारा. आयएस ८७५ या भारतीय मानकाच्या तिसऱ्या भागात मुंबईसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १५८ किलोमीटर, धरला आहे. त्या वेगाचा दाब चौरस मीटरला सुमारे ११८ किलो भरतो. दीड मीटर रुंद आणि साडेतीन मीटर उंच अशा एका काचेवर तो सहाशे किलोंच्या घरात जातो, आणि यात उंचीमुळे होणारी वाढ अजून धरलेली नाही. शिवाय वारा काचेला फक्त आत ढकलत नाही. आडव्या बाजूंना आणि मागच्या बाजूला तो तिला बाहेर ओढतो, आणि इमारतीच्या कोपऱ्यांजवळ ही ओढ सर्वांत जास्त असते. म्हणून वादळानंतर पहिली तपासणी कोपऱ्यांची करायची असते. निसर्ग आणि तौक्ते ही दोन्ही वादळे खाडीच्या या किनाऱ्याने लागोपाठच्या दोन वर्षांत अनुभवली. त्यानंतर पडलेली झाडे आणि उडालेले पत्रे मोजले गेले. काचेच्या इमारतींच्या ब्रॅकेटांची आणि सिलिकॉनच्या जोडांची तपासणी मात्र मालकांच्या मर्जीवरच राहिली.

काच पडते ती बहुतेक वेळा एकट्या वाऱ्याने नव्हे, जोड थकल्यामुळे. बोस्टनच्या जॉन हॅनकॉक टॉवरचे उदाहरण आमच्या व्यवसायात अजून दिले जाते. १९७३ च्या सुमारास तिथल्या काचा एकामागून एक फुटून पडू लागल्या, रिकाम्या जागी प्लायवूड लावावे लागले आणि शेवटी दहा हजारांहून अधिक काचा बदलाव्या लागल्या. दोन काचांना एकत्र धरणारा शिशाचा जोड इतका ताठ होता, की उन्हाने आणि वाऱ्याने होणारी रोजची हालचाल त्याला पोटात घेता येईना आणि तडा काचेत जाई. ॲल्युमिनियम उष्णतेने काचेच्या अडीचपट प्रसरण पावते. चार मीटर लांबीचा मलियन तापमानात चाळीस अंशांचा फरक पडला की सुमारे साडेतीन-चार मिलिमीटर वाढतो. ही वाढ सामावून घेणारा सांधा आराखड्यात असतो. पण पाणी गळते म्हणून कोणीतरी तो कडक सिलिकॉनने बंद केला, तर पुढच्या उन्हाळ्यात त्याचा ताण काचेवर येतो.

गळतीच्या बाबतीत तर मी रोज पाहतो ते सांगतो. चांगल्या कर्टन वॉलमध्ये थोडे पाणी चौकटीत शिरणार हे गृहीतच धरलेले असते. ते खालच्या ट्रान्सममधल्या लहान भोकांतून, म्हणजे वीप होलमधून, बाहेर निघून जाते, आणि त्याच भोकांमुळे चौकटीच्या आतला आणि बाहेरचा हवेचा दाब सारखा राहून पाणी आत ओढले जात नाही. पावसाळ्यात आत ओल दिसली की देखभालीचा ठेकेदार दोरावर माणूस उतरवतो आणि तो जिथे फट दिसेल तिथे सिलिकॉन भरत जातो. वीप होलही फटीसारखेच दिसते. ते बुजले की चौकट पाण्याने भरते, पाणी आतल्या गालिच्यावर उतरते, आणि पुढच्या जुलैत आणखी सिलिकॉन मारले जाते. खाडीच्या खाऱ्या हवेत आणि औद्योगिक पट्ट्यातल्या धुरकट हवेत साचलेले हे पाणी ब्रॅकेटच्या पोलादी बोल्टपर्यंत पोहोचते. ॲल्युमिनियम आणि साधे पोलाद ओलाव्यात एकमेकांना लागून असले की गंज झपाट्याने वाढतो. बाहेरून इमारत चकचकीतच दिसते.

टफन काचेविषयीही एक समजूत दुरुस्त करावी लागेल. ती साध्या काचेपेक्षा चार-पाच पट मजबूत असते आणि फुटली तर बोथट तुकडे होतात, म्हणून ती सुरक्षित, असे सर्रास म्हटले जाते. पण काचेत अडकलेल्या निकेल सल्फाइडच्या सूक्ष्म कणामुळे ती काहीही न आदळता वर्षांनंतरही अचानक फुटू शकते, आणि तुकडे सुटे न होता ढेकळासारखे एकत्र दहाव्या मजल्यावरून पदपथावर आले तर 'बोथट' या शब्दाला फारसा अर्थ उरत नाही. यावर दोन उपाय आहेत. कारखान्यातच काच भट्टीत अडीचशे अंशांहून अधिक तापवून सदोष काचा तिथेच फुटू देणे, ज्याला हीट सोक चाचणी म्हणतात. आणि जिथे खाली लोकांची वर्दळ आहे तिथे मधे चिकट पडदा असलेली लॅमिनेटेड काच वापरणे, जी फुटली तरी जागेवर धरून राहते. रेल्वे स्थानकांलगत आणि बसथांब्यांच्या वर असलेल्या इमारतींना दुसरी अट घालणे वाजवी ठरेल.

ऊन आणि विजेचा मुद्दा वेगळा आणि मोठा आहे. इथे एवढेच म्हणतो, की २०१७ च्या ऊर्जा संवर्धन इमारत संहितेच्या ठरावीक मर्यादा पाळण्याच्या मार्गात भिंतीच्या ४० टक्क्यांपेक्षा जास्त भाग काचेचा नसावा असे म्हटले आहे. पूर्ण काचेची वाटणारी इमारत त्यात बसवायची तर काचेच्या मागचा बराच भाग इन्सुलेशन घातलेला स्पँड्रेल असावा लागतो. तो भरलेला आहे की नुसता काळ्या रंगाने झाकलेला, हे पुन्हा तीच छताची टाइल उचलून पाहावे लागते.

आता मागणीकडे येतो. पहिली मागणी अशी, की बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्राच्या वेळी दर्शनी आवरणाचा स्वतंत्र आराखडा घ्यावा, आणि त्यात स्लॅबच्या कडेचा मोठ्या मापात काढलेला छेद, ब्रॅकेट, फट भरण्याचे साहित्य, उघडणाऱ्या पॅनेलच्या जागा आणि काचेचा प्रकार दाखवलेला असावा. त्याहून महत्त्वाचे म्हणजे फॉल्स सीलिंग बसण्यापूर्वी, प्रत्येक मजल्याच्या कडेची पाहणी झाल्याशिवाय अंतिम अग्निशमन ना-हरकत दाखला देऊ नये. प्रत्येक मजल्याची, दिशेनुसार घेतलेली छायाचित्रे फाइलला जोडावीत. पाहणी करणाऱ्या अधिकाऱ्याला विजेरी आणि शिडी याखेरीज काही लागत नाही.

उभ्या असलेल्या इमारतींसाठी नवा कायदा करण्याची गरज नाही. महाराष्ट्र आग प्रतिबंधक आणि जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार मालक किंवा भोगवटादाराने दर वर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये परवानाधारक संस्थेकडून अग्निसुरक्षा यंत्रणा सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र द्यायचे असतेच. ते प्रमाणपत्र पंप, हायड्रंट, स्प्रिंकलर आणि अलार्म यांच्याभोवतीच फिरते. फटीतील अग्निरोधक भराव आणि उघडणारी पॅनेल यांचाही अहवाल त्यासोबत जोडावा, असे परिपत्रक दोन्ही अग्निशमन विभागांनी काढावे. भराव नसेल तर तो आतून, एकेक मजला घेऊन, सुट्टीच्या दिवशी टाइल काढून घालता येतो. काच काढावी लागत नाही. इमारत मालकांच्या संघटना खर्चाचे कारण पुढे करतील, तेव्हा हे लक्षात असू द्यावे.

संरचनात्मक तपासणीची बाब थोडी नाजूक आहे. महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६५-अ नुसार ही तपासणी इमारतीला तीस वर्षे झाल्यावर सुरू होते. काँक्रीटच्या हिशेबाने ते समजण्यासारखे आहे. पण काचेला धरून ठेवणाऱ्या सिलिकॉनची हमी साधारण दहा ते वीस वर्षांची असते, आणि रबरी गॅस्केट उन्हात त्याआधीच कडक होतात. म्हणजे आयटी पार्कांच्या पहिल्या लाटेतल्या, दोन हजारच्या दशकात उभ्या राहिलेल्या इमारतींच्या सिलिकॉनची हमी संपत आली आहे किंवा संपली आहे, आणि कायद्याने विचारणा होईपर्यंत अजून बरीच वर्षे जायची आहेत. दर्शनी आवरणाची तपासणी दहाव्या वर्षी आणि त्यानंतर दर पाच वर्षांनी व्हावी, असा प्रस्ताव आपण राज्य शासनाकडे पाठवावा. तोवर महापालिकेच्या आणि महामंडळाच्या स्वतःच्या काचेच्या इमारतींपासून सुरुवात करता येईल.

शेवटची बाब अधिकारांची. औद्योगिक पट्ट्यात बांधकाम परवानगी महामंडळ देते आणि त्याचे स्वतःचे अग्निशमन दल आहे. रस्त्यापलीकडच्या सेक्टरात हेच काम महापालिका करते. काच पडण्याच्या बेतात दिसली तर पदपथावरून चालणाऱ्याने कोणाला कळवायचे, हे त्याला ठाऊक असण्याचे कारण नाही. दोन्ही संस्थांनी मिळून एकच तक्रार क्रमांक जाहीर करावा, आणि तक्रार आल्यावर खालचा पदपथ तात्काळ बंद करण्याचा अधिकार प्रभागातल्या कोणत्या अधिकाऱ्याला आहे, ते लेखी ठरवून द्यावे. स्लॅबच्या कडेची पाहणी कशी करायची हे आपल्या कनिष्ठ अभियंत्यांना आणि अग्निशमन अधिकाऱ्यांना प्रत्यक्ष जागेवर दाखवण्याची आमच्या व्यवसायातल्या अनेकांची तयारी आहे. त्यासाठी मानधनाची अपेक्षा नाही, फक्त छताची टाइल उचलण्याची परवानगी इमारत मालकाकडून आपल्या पत्राने मिळवून द्यावी.

आपला विश्वासू,
नेरुळ येथील एक बांधकाम अभियंता